कुत्रा कुणाचा, फोन कुणाचा

बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. चाळिशीत प्रोग्रामिंग शिकून एका छोट्या कंपनीत लागल्या, पण "बाई" ही हाक काही सुटली नाही.

काम होतं जनावरांच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं. त्यात प्रत्येक जनावरापुढे दोन रकाने होते: मालकाचा फोन आणि अडीनडीला शेजाऱ्याचा. डॉक्टरांना दोन्ही मिळून एकच हवा होता. बाईंनी मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल लिहिली. मालकाचा नंबर असेल तर तो घ्यायचा, नसेल तर शेजाऱ्याचा, आणि जुने रकाने काढून टाकायचे. बदल मागे घेता यावा म्हणून फाइलीत उलटा भागही लिहिला: दोन्ही रकाने पुन्हा उभे करायचे आणि असेल तो नंबर मालकाच्या नावावर टाकायचा. दोन्हीकडून चालवून पाहिलं. पडद्यावर "यशस्वी". बाई निर्धास्त!

आठवड्याभरात डॉक्टरांचं मन फिरलं. "पहिलंच बरं होतं हो!" बाईंनी बदल उलटवला.

दुपारी दवाखान्याच्या रिसेप्शनवरून फोन आला. "बाई, मी एका आजोबांना कळवलं, तुमचा कुत्रा बरा झाला, घेऊन जा. ते म्हणतात, माझ्याकडे कुत्राच नाही! शेजाऱ्यांचा असेल तर ठेवून घ्या म्हणे, फार भुंकतो!"

बाई चक्रावल्या. फाइल पुन्हा वाचली. चूक दिसेना. मग नोंदी उघडल्या, तर शेजाऱ्याचा रकाना सगळीकडे कोरा! शेजारीच मालक होऊन बसले होते. पण आता यातले नंबर मालकांचे कोणते आणि शेजाऱ्यांचे कोणते?

"बेरीज बारा आली," त्या पुटपुटल्या, "पण ती पाच-सातची की आठ-चारची?"

पलीकडच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे भाऊ म्हणत, वळून म्हणाला, "पण बाई, उलटं चालतंय की!"

"चालतंय रे. पोचतंय मात्र भलतीकडेच."

नशिबाने बदलाआधीची डेटाबेसची प्रत होती. तिच्यातून जुने नंबर परत भरले. आठवड्यात नव्याने आलेल्यांना मात्र रिसेप्शनवरून एकेक फोन करून विचारावं लागलं. मग बाईंनी फाइलीतला उलटा भाग पुसला आणि तिथं सरळ लिहिलं: हा बदल उलटवता येत नाही, थांबा. पुढच्या वेळी जुने रकाने काढायचेच नाहीत, हेही ठरवलं.

भाऊने डोकावून पाहिलं. "म्हणजे फाइल अर्धवटच ठेवली?"

"हो. म्हणजे, नाही..." बाईंनी चष्मा काढला. "उलटं येतं असं खोटं सांगणारी फाइल पूर्ण, की येत नाही असं खरं सांगणारी? थांब जरा, आधी मलाच नीट कळू दे."