फेबियनच्या पानावरचा आकडा

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या फेबियनने उभ्या आयुष्यात केळी लावली आणि फुटबॉल खेळला. पैकी केळ्यांबद्दल तो कधी बढाया मारत नसे. म्हणून दोन हजार दोनच्या वर्ल्ड कपनंतर त्याच्या मुलीने, नताशाने, तुळिंजच्या सायबर कॅफेत बसून तामाकी नावाच्या जपानी खेळाडूचं पान इंटरनेटवर टाकलं, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने ब्राझीलच्या नि इटलीच्या खेळाडूंचीही पानं केली होती. पण पान किती वेळा उघडलं हे तळाशी दिसे, आणि तिथे तामाकीने भल्याभल्यांना धूळ चारली. त्याचे चार हजार, बाकीच्यांचे शंभराच्या आतबाहेर.

"एवढासा तो! कोन बघतं त्याला?"

"जपानमध्ये घरोघरी इंटरनेट आहे, पप्पा."

फेबियन म्हणाला, "कुवेतमध्ये पन असेल?"

कुवेतमध्ये आग्नेल होता, त्याचा जिवाभावाचा मित्र. वीस वर्षांपूर्वी गावच्या सणाच्या फायनलमध्ये आग्नेलच्या डोक्याला लागून बॉल जाळ्यात गेला, आणि गर्दीने चुकून उचललं फेबियनला. फेबियन खांद्यावरून उतरलाच नाही. तो गोल त्याने मिरवला, कप घरी नेला. आग्नेल महिन्याभरात परदेशी गेला, तो पुन्हा बोलला नाही.

नताशाने पप्पांचंही पान केलं. जुना फोटो, निरोप लिहायला मोकळी चौकट, आणि खाली पप्पांनी सांगितलेली एकच ओळ: 'तो गोल आग्नेलचा होता.'

नताशाने आठवड्याभराने पान उघडलं, तर आकडा एक, तोही तिचाच. ते तिला बघवेना. मग कॉम्प्युटर क्लासला जाता-येता ती रोज एकदा पान उघडू लागली. तामाकीला अख्खं जग बघतंय, माझ्या बापाला निदान मी तरी बघते!

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, की स्कूटरवर तिला मागे बसवून फेबियन स्वतः कॅफेत येई. एके रविवारी तो आकड्यावर बोट ठेवून बसला.

"गेल्या रविवारपासून सात वाढले. एक आपला आत्ताचा. बाकी सहा?"

"असेल कोणीतरी, पप्पा."

"रोज एक. दर रविवारी मी बघतोय ना. आग्नेलच तो." त्याचा चेहरा उजळला, आणि तिच्या डोळ्यांदेखत विझला. "रोज येतो, वाचतो, आन् एक शब्द लिवत नाय. वीस वर्सं झाली, त्याचा राग काय जात नाय."

ती मी होते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण मग आग्नेलने पान पाहिलंच नाही, हेही सांगावं लागलं असतं. उघडणं बंद करावं, तर पप्पा म्हणणार, आता तो वाचायचाही थांबला.

फेबियनने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. "चल. उद्या येईल तो परत."

दुसऱ्या दिवशी नताशा क्लासला निघाली, आणि आधी कॅफेत शिरली.