सरळ रेघ

वैदेही माझ्याकडे पीएचडी करते. आज सकाळी ती हाताची घडी घालून संगणकासमोर बसली होती. पडद्यावर एक रेघ अगदी सरळ चालली होती.

अणूच्या गाभ्यातले कण ज्या बलाने जखडलेले असतात, त्याचा सिद्धांत, ज्याला भौतिकीत गेज सिद्धांत म्हणतात, आम्ही संगणकात एका जाळीवर मांडतो आणि फासे टाकल्यासारखी त्या जाळीची रूपं बदलत राहतो. प्रत्येक रूपागणिक मोजलेला आकडा पडद्यावरची ती रेघ पुढे नेतो.

"उत्तर पक्कं दिसतंय," मी म्हणालो.

"पक्कं नाही सर, अडकलंय ते."

तिचं बरोबर होतं. रूपं निवडायचा नेहमीचा नियम कमी ऊर्जेच्या रूपांना झुकतं माप देतो. मग गणित एका खोऱ्यात उतरतं आणि पलीकडे जायचा घाट चढतच नाही. माणसंही अशीच ठाम होतात. एकाच गल्लीत आयुष्य काढलं की सगळं गाव ओळखीचं वाटतं.

वैदेहीने निवडीचा तो नियम जरा सैल केला आणि चढावरच्या दुर्मीळ रूपांना थोडी जास्त संधी दिली. ही सवलत शेवटच्या सरासरीत काढून टाकता येते, म्हणून उत्तर खोटं पडत नाही. मला ही रीत फार आवडते. आधी मोकळं हिंडू द्यावं, मग चोख मोजावं.

चहा संपेपर्यंत रेघ सरळच होती. मग ती एकदम वर गेली, तिथे रेंगाळली, पुन्हा खाली आली. तिच्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा चांगलाच रुंद झाला.

"सर, आता खात्री कमी झाली," वैदेही म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "आता विश्वास बसतोय."