चिंचा फोडणारा हत्ती

उन्हाळी सुट्टीत आम्ही भावंडं आईभोवती गोल बसून व्यापाऱ्याच्या चिंचा फोडायचो. त्याच मजुरीवर चूल पेटायची. कुणी गोष्ट काढली की आई म्हणायची, “तोंड चाललं की हात थांबतो.”

काल सोसायटीतल्या सुट्टीच्या पार्टीत मुलं तशीच गोल बसली होती. चेंडू ज्याच्याकडे येईल त्यानं गोष्ट पुढे न्यायची. माझ्या लेकीनं गोष्टीतल्या हत्तीला सरळ विमानात बसवलं, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. खोटं कशाला बोलू, पोटच्या पोरीचा हेवा वाटला.

तिनं चेंडू माझ्याकडे टाकला. मी अडखळले.

“आई, काहीही चालतं गं.”

मग मी हत्तीला चिंचा फोडायला बसवलं आणि पोटभर बोलू दिलं. घरातली पहिली पदवीधर मीच. माझी पहिली गोष्ट मात्र मी काल सांगितली.