नळीला पाडलेलं भोक

घोडा मिस्त्रीला राग आला की आधी त्याचे कान लाल होतात, मग तोंड सुटतं. चाप ओढल्यावर खाडकन आपटतो तो बंदुकीचा घोडा. तो कसाही अडकलेला असो, हा माणूस मोकळा करणारच, म्हणून हे नाव. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच टेबल आणि बायकोचा एकच टोमणा: "लोकांचे घोडे पळवतो, घरातला नळ तेवढा गळतोय."

त्या वर्षी सरकारी फर्मान निघालं. घरात जी काही बंदूक असेल ती नोंदवा आणि मिस्त्रीचा दाखला जोडा. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई जुन्या चादरीत गुंडाळून आजोबांची बंदूक घेऊन आल्या. ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मग कुठे एक बार. दुसरा भरेपर्यंत ससा घरी जाऊन जेवून परत येईल.

"आजोबांनीच मला वाढवलं. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. हीच काय ती," बाई म्हणाल्या.

झालं. मिस्त्रीने कुणी न सांगता तीन दिवस त्या बंदुकीत घातले. गंज काढला, लाकडाला तेल दिलं, अडकलेला घोडा मोकळा केला आणि दाखल्यावर ऐटीत लिहिलं, 'स्थिती: उत्तम'. त्याच्या भाषेत उत्तम म्हणजे लाकूड किडलेलं नाही, स्क्रू मूळचे आहेत. कचेरीच्या भाषेत उत्तम म्हणजे उद्या कुणाचा तरी मुडदा पडणार. आठवड्यात बाईंना पत्र आलं: चालू स्थितीतलं विनापरवाना शस्त्र, आठ दिवसांत नळीला भोक पाडून निकामी करा, नाहीतर जप्त.

मिस्त्री तरातरा कचेरीत गेला. टेबलामागे एक तरुण कारकून शिक्क्याची शाई पुसत बसला होता.

"अरे बाबा, ही ठासणीची आहे. एवढ्या जुन्या ठासणीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, कायद्यातच सूट आहे. चाळीस वर्षं हेच बघतोय मी."

"पूर्वी असेल, काका. आता बदललंय."

"कुठे बदललंय ते दाखव."

"मला तेवढाच उद्योग आहे का? आणि उत्तम कुणी लिहिलं? मी?"

मिस्त्रीचा संताप असा की डोक्यात घण पडत होते, पण अक्षर त्याचं होतं, सही त्याची होती. खरंच बदललं असेल का, अशी पाल मनात चुकचुकली ती तिथेच. रस्ताभर तो कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आला. बाईंना म्हणाला, जप्त झाली तर पुन्हा दिसायची नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

भोक त्यानेच पाडलं. खालच्या बाजूने पाडलं, भिंतीवर टांगल्यावर दिसू नये म्हणून. जुनं लोखंड मऊ, ड्रिल सरसर आत गेलं. आजवर त्याने एकही बंदूक बिघडवली नव्हती. टेबलावर पडलेला लोखंडाचा कीस त्याने झाडलासुद्धा नाही.

भोक पाडलेली बंदूक दाखवायला तो कचेरीत गेला, त्या दिवशी मोठे साहेब जागेवर होते. त्यांनी चष्मा वर करून नळीवर कोरलेलं बनावटीचं साल वाचलं.

"हिला तर सूट आहे. भोक पाडायला कुणी सांगितलं?"

कारकुनाने फाईल चाळली. "पत्र चुकून गेलंय, साहेब."

"असू दे. घेऊन जा आता."

"असू दे काय?" मिस्त्रीचा आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "तुमचं पत्र फाडून टाकता येतं. हे भोक कसं फाडू? एक ओळ वाचायचा आळस तुमचा आणि हात माझे चालवलेत." साहेबांनी घंटी वाजवली. शिपायाने मिस्त्रीला दंडाला धरून बाहेर काढलं.

तसाच धुमसत तो दोन जिने चढून बाईंकडे गेला. बंदूक त्यांच्या हातात दिली, सगळं सांगितलं, मग उभ्याउभ्याच कारकुनाला, साहेबाला आणि शिपायाला लाखोली वाहिली. बाई ऐकत होत्या. भोकावरून त्यांचं बोट फिरत होतं.

तो दमून थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या मुलाला बंदुकीतलं काही कळत नव्हतं आणि कायद्यातलंही. तुम्हाला दोन्ही कळत होतं. मी तुमच्यावर विसंबले होते, मिस्त्री. तुम्ही नाही म्हणायला हवं होतंत."

मिस्त्रीने तोंड उघडलं. बाईंनी उठून दार उघडलं आणि तो जाईपर्यंत धरून ठेवलं.