अस्तरातली ऊब

काल लेकीने हिमालयातल्या सहलीसाठी आणलेल्या जॅकेटची घडी मोडली आणि कोऱ्या अस्तराच्या वासाने मला चेन्नईतला एक डिसेंबर आठवला. तेव्हा मी बर्फात राहणाऱ्या जवानांचे गरम कपडे डिझाइन करायचे. बाहेर पावसाची पिरपिर होती, तरी घरोघरी पंखे चालूच होते, आणि माझी आजारी आई मात्र "गोधडी दे गं, थंडी वाजतेय" म्हणत कुडकुडत होती. चेन्नईतल्या घरात गोधडी कुठून असणार? आमचं चादरीवर भागायचं. शेवटी साहेबांना विचारून मी कारखान्यातून नमुन्याचं जॅकेट आणलं, बर्फाइतक्या थंड खोलीत तपासून पास झालेलं, माझ्याच हातचं. आईला ते घालून गळ्यापर्यंत चेन ओढली. "छान शिवलंयस," अस्तर चाचपत ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने हळूच, "पण ऊब नाही गं येत." मी आत हात घातला. अस्तर गारच होतं. कापडाला स्वतःची ऊब नसते, ते अंगातली ऊब फक्त धरून ठेवतं, हे कारखान्यात नव्या मुलींना मीच सांगायचे. मी नुसती तिची कॉलर वर केली. काल लेकीने अंगात घातलेल्या जॅकेटची चेन लावताना नकळत माझा हात आत गेला, आणि ऊब लागेपर्यंत मी तो बाहेर काढला नाही.