साहेबाचे पाय

“रामा, आधी कोट काढ. चांगला कोट आहे, खारं पाणी लागेल. आणि मग वाक.”

रत्नागिरीचं बंदर, चैत्रातली ओहोटी. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती आणि तिच्यावरून आम्हाला घेऊन आलेला पडाव, म्हणजे उतारूंची होडी, धक्क्यापर्यंत न पोचताच वाळूला टेकला होता. पुढं मांडीभर पाणी.

माझं नाव रामा नव्हतं. कोटही माझा नव्हता. पाठ तेवढी माझी होती, आणि साहेबाला तीच हवी होती.

मी कोट काढला. आत बंडी होती. तिच्या भोकांबद्दल न बोललेलं बरं. वरती कोट असल्यावर आतली बंडी कोण बघतो, अशा हिशेबानं मी ती तशीच चालवली होती. एकूण माझं सगळंच त्या दिवसांत ह्याच हिशेबानं चाललं होतं.

पडावाचा तांडेल मिरकरवाड्याचा, दाढी पिकलेला, शांत माणूस. तो म्हणाला, माझे गडी आहेत, दोन आणे द्या, साहेबांना कोरडे उतरवतील. साहेब हसला. “कशाला? रामा आहे ना.” मलबार हिलवर बंगला, दारात मोटार, आणि रत्नागिरीच्या पाण्यात दोन आणे वाचवतोय. मोठी माणसं मोठी का होतात हे मला तेव्हा कळलं.

मी वाकलो. साहेब खांद्यावर बसला. कोट त्यानं स्वतःच्या हातावर घेतला, नीट घडी घालून. माझ्यापेक्षा कोटाची काळजी जास्त. पाय माझ्या छातीवर, बूट चकचकीत. ते बूट सकाळी मीच पुसले होते. म्हणजे आपण पुसलेलं आपल्याच नाकासमोर लोंबतंय, अशी माझी वरात निघाली.

साहेबाचा कुत्रा होता बरोबर. प्रिन्स. त्यालाही उचलून न्यायचं माझ्याच माथी होतं, दुसऱ्या खेपेला. त्यानं वाट पाहिली नाही. पाण्यात उडी मारली आणि पोहत माझ्या पुढं किनारा गाठला. त्या पडावातला एवढा एक जीव मला शहाणा वाटला.

किनाऱ्यावर माझा गाव उभा होता.

ती माझीच करणी. मीच निरोप धाडला होता की मलबार हिलवरनं साहेब माझ्याबरोबर येतायत, बंदरावर या. मी साहेबाबरोबर येतोय असं नाही. साहेब माझ्याबरोबर. आई नवं लुगडं नेसून आली होती. धाकटी बहीण काशी होती. भावकीतली चार डोकी होती, त्यांतल्या दोघांनी तर नारळ आणले होते. कुणाला द्यायचे ते विचारून ठेवायला हवं होतं, कारण मी पाण्यातनं बाहेर आलो तेव्हा नारळ तसेच त्यांच्या हातात राहिले.

साहेब उतरला. म्हणाला, “शाबास रामा.”

आईनं इकडंतिकडं पाहिलं, रामा कोण म्हणून. मग तिला उमगलं. आमची आई कुणाच्या तोंडाला लागणारी नव्हे. खोताच्या दारात ती मान वर करत नसे. पण त्या दिवशी ती पुढं झाली.

“साहेब, माझ्या पोराचा नाव रामा नाय हो.”

साहेब रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी लोभसपणे हसला. म्हणाला, “बाई, आमच्याकडे सगळे रामाच असतात.”

आणि कोट माझ्याकडे न देता माझ्या खांद्यावर टाकला, खुंटीवर टाकावा तसा.

खरंच होतं ते. आमच्या बंगल्यात तीन रामा होते. एक संगमेश्वरचा, एक राजापूरचा, एक मी. मलबार हिलच्या त्या टेकडीवर ज्या ज्या बंगल्यात रत्नागिरीचा गडी होता, तो रामा. पहिल्या दिवशी साहेबानं माझं नाव विचारलं होतं, मी सांगितलंही होतं. तो म्हणाला, ते लक्षात राहायचं नाही, रामा चालेल ना? मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, मला वाटलं, चला, आता आपण इथले झालो. बारसं झाल्यासारखा आनंद झाला. अशा आनंदाला काय म्हणतात ते वाचणाऱ्यानं ठरवावं. कुत्र्याला मात्र त्या घरात स्वतःचं नाव होतं, आणि ते कुणी विसरत नसे.

आणि गंमत म्हणजे हा साहेब मुंबईचा बॅरिस्टर असला तरी मूळचा आमच्याच जिल्ह्यातला. आजा गुहागरकडचा. जेवायला पाहुणे असले की तो मोठ्या प्रेमानं सांगे, आम्ही कोकणातले हो. पानात लोणचं वाढावं तसं कोकण वाढायचा, एवढंसं, चवीपुरतं.

आमच्या गावात त्या काळी मुलगा काय करतो हे कुणी विचारत नसे. विचारत, मुंबईत कुठं? वाळकेश्वर म्हटलं की पाट मिळे. गिरगाव म्हटलं की घोंगडी. परळ म्हटलं की बसा कुठंतरी. शिवडी म्हटलं तर माणूस आपणच अंगणात थांबे. विचारणाऱ्यांपैकी मुंबई कुणी पाहिलेली नव्हती, पण तिची उतरंड साऱ्यांना तोंडपाठ. ह्यात सगळ्यांत वरचं मडकं मी. मी सांगायचो, टेकडीवर राहतो, समुद्र दिसतो. खोटं काही नव्हतं. टेकडीवरच राहायचो. जिन्याखाली, प्रिन्सच्या खोलीला लागून. आणि समुद्र दिसायचा, दिवाणखान्यात केर काढताना.

सुट्टीच्या दिवशी मी परळला जायचो. तिथं आमच्या गावची खोली होती. एका खोलीत अर्धा गाव. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच चटईवर पडे, चटईची पाठ म्हणून कधी गार होत नसे. मी साहेबाच्या घरचा शिळा पाव न्यायचो आणि दारातनं शिरताना रुमाल नाकाला लावायचो. धुरानं मला त्रास व्हायचा म्हणे. शेण्यांच्या चुलीपाशी वाढलेला मी. माझ्या नाकाचं टेकडीवर काय झालं होतं देव जाणे.

त्या खोलीत दत्ताराम राहायचा. आमच्याच गावचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. हाताला कापूस, जिभेला धार. तो मला नावानं हाक मारत नसे. म्हणे, “या टेकडी, बसा. पावावर बुरशी नसली तर खातो.” एकदा मी सांगत होतो की आमच्याकडे दुपारभर हिरवळीवर नळ सोडलेला असतो. परळला तेव्हा नळाला पहाटे करंगळीएवढी धार यायची, तिच्यासाठी बायकांची डोकी फुटायची. दत्ताराम ऐकून घेऊन म्हणाला, “म्हंजे तुमच्याकडल्या गवतात जन्म घ्यायला हवा होता. आमचा नंबर चुकला.” सगळी खोली हसली. मीही हसलो. मला वाटलं, माझ्या हिरवळीची तारीफ झाली.

ह्याच दत्तारामनं काशीला मागणी घातली. आईला पसंत होता. काशीला तर फारच, ते तिच्या न बोलण्यावरनं कळे. बाप गेलेला, शब्द माझा. दत्तारामचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता आणि जेवण तो स्वतःचं जेवायचा. तरी मी निरोप दिला, “गिरगावच्या खाली मुलगी द्यायची नाही.”

गिरगावच्या खाली! जशी मुंबई म्हणजे जिना आणि मी वरच्या पायरीवर उभा राहून लोकांना मोजतोय. जिन्याखाली झोपणारा मी.

हा दत्ताराम त्या दिवशी आमच्याच पडावात होता. मी साहेबाला खांद्यावर घेऊन धडपडत चाललो होतो तेव्हा तो डोक्यावर ट्रंक घेऊन शेजारून पाणी तुडवत गेला. थांबला नाही. चालता चालता, मला एकट्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “आज उलटा झाला रं. रोज तू टेकडीवर, आज टेकडी तुझ्यावर.”

साहेबानं वरून विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हणालो, पाण्याचा अंदाज सांगतोय.

साहेब हवापालटाला आला होता. समुद्राकाठी बंगला भाड्यानं घेतला होता. मी त्याची अंघोळ, त्याचे आंबे, त्याचा प्रिन्स बघत राहिलो. एक दुपार सुट्टी मिळाली, घरी गेलो. कोट घालून गेलो, एवढं होऊनही. सवय. आईनं जेवायला वाढलं, पुढ्यात बसली आणि विचारलं, “तू त्यांस्नी कदी सांगितलंस काय नाय?”

“काय?”

“नाव. आम्ही ठेवलेला.”

मी भात कालवत राहिलो. काशी चुलीपाशी होती. तिनं मागं न वळता विचारलं, “दादा, गिरगावच्या खाली म्हंजे कुठं? तू निजतोस त्याच्या पण खाली?”

मी हातातला घास परत पानात ठेवला. साहेबानं खांद्यावर बसून जे केलं नव्हतं ते ह्या पोरीनं पाठमोरी राहून केलं. साहेबानं माझं नाव काढून घेतलं असं मी आठवडाभर मनाशी घोकत होतो. काढून कुठं घेतलं? मीच हातानं काढून दिलं होतं, कोटासारखं. वर मान डोलावली होती. आणि त्या बदल्यात मिळालेल्या टेकडीवर उभा राहून एका चांगल्या माणसावर थुंकलो होतो. ती थुंकी त्याच्यापर्यंत गेलीच नाही. खाली मीच होतो.

परतायचा दिवस आला. पुन्हा ओहोटी. समुद्राला साहेबाची भीड नव्हती. पडाव पाण्यात लांब उभा, आगबोटीनं पहिली शिट्टी दिलेली. बंदरावर मुंबईला जाणाऱ्यांची गर्दी, आंब्याच्या पेट्या, गाठोडी. आई आणि काशी पोचवायला आल्या होत्या. साहेबानं कोरड्या वाळूच्या टोकाला उभं राहून छडी काखेत धरली.

“चल रामा, वाक.”

मी उभा राहिलो. मोठ्या शूरपणानं वगैरे नाही. आता शिंक येते की रडू, ते कळेना. पण वाकलो नाही.

“ऐकू येत नाही का?”

“येतं. माझं नाव रामा नाही.”

साहेब चकित झाला. कपाट बोललं असतं तर जेवढा झाला असता तेवढा. मग पुन्हा तेच लोभस हसू आणलं. “बरं, मग काय आहे नाव?”

सांगायला तोंड उघडलं होतं मी. आईनं ठेवलेलं, चांगलं नाव आहे. पण साहेबाकडे पाहिलं तर त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, खांद्याकडे होते. नाव घेतलं की बसायचं, एवढाच त्याचा मतलब.

“ते वाकणाऱ्याचं नाव नाही,” मी म्हणालो.

कोट काढला. नीट घडी घालून त्याच्या हातावर ठेवला. बंडीची भोकं साऱ्या बंदरानं पाहिली. पाहू देत. ती तरी माझी होती.

साहेबानं तांडेलाला हाक मारली, दोन आणे देतो म्हणाला. मग चार. तांडेलाचे गडी आंब्याच्या पेट्या पोचवत होते, दुसरी शिट्टी झाली होती. तांडेल पडावातनंच म्हणाला, “गडी सामानाला हायत साहेब. सामानाला पाय नसतात. तुमी या चालत.”

साहेबानं चौफेर पाहिलं. अख्खं बंदर पडावात चढण्यात गुंतलं होतं, आणि चढता चढता त्याच्याकडे बघत होतं. मग तो वाळूवर बसला. बूट काढले. मोजे काढले. विजार गुडघ्याच्या वर गुंडाळली.

पाय होते त्याला. इतकी वर्षं त्याचे बूट पुसले, पण आत पाय असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. पांढरे, फुगलेले, पाण्यात ठेवलेल्या पावासारखे. बोटं एकमेकांना चिकटलेली. पहिलाच शिंपला लागला तेव्हा तो “आई गं” म्हणाला. अगदी आमच्यासारखाच म्हणाला. ह्या पायांसाठी मी माझं नाव दिलं होतं.

प्रिन्स त्याच्या पुढं पोहत गेला.

मी त्याच पडावातनं गेलो, दुसऱ्या टोकाला बसून. मुंबईला उतरलो तो सरळ परळला. चालू महिन्याचा पगार बुडाला, टेकडीवरची माझी ट्रंक जिन्याखालीच राहिली, ती आणायला मी पुन्हा चढलो नाही. गावाहून आधीच परतलेला दत्ताराम दारात होता. त्याला म्हणालो, मी काशीबद्दल चूक बोललो होतो. तो म्हणाला, “माझा ठरला. खेडची पोरगी हाय. आमाला गिरगावच्या खालचीच बरी.” हे बोलताना तो हसला नाही. चटई मात्र दाखवली. रात्रपाळीवाला नुकताच गेला होता, ती गरम होती.

काशीला पुढं स्थळ आलं ते शिवडीचं. मला कुणी विचारलं नाही. बरं केलं. तिचं लग्न झालं, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि त्यात तिची काही चूक नाही.

मी गिरणीत लागलो. परळ म्हणजे काही वैकुंठ नव्हे. धूर तोच, नळाची धार तीच, आणि तिकडं टेकडीवर हिरवळ दुपारभर पाणी पितेच आहे. कुणी विचारलं मुंबईत कुठं, तर मी परळ सांगतो आणि पाटाची वाट न बघता जागा दिसेल तिथं बसतो. गावी येतो तेव्हा बंदरावर ओहोटी असली की अजून कुणीतरी कडक कॉलरवाला मागून हाक मारतो, ए, जरा खांदा दे रे.

खांदा मी देतो. मेलेल्या माणसाला. त्याचे पाय चालायचे थांबलेले असतात. जिवंत माणूस, मग तो टेकडीवरचा असो नाहीतर इंद्राच्या दरबारातला, त्यानं बूट काढावेत, विजार गुंडाळावी आणि पाण्यात उतरावं. माझ्या पाठीवरनं आता कुणीही कोरडा जाणार नाही.