कापडाचा आवाज

गेलं वर्षभर मुदस्सिरला मी ताजातवाना असा पाहिलाच नाही. दिवसा अंधेरीच्या स्टुडिओत, संध्याकाळी कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या बसमध्ये डुलक्या, आणि भिवंडीत उतरला की बापाच्या पॉवरलूमच्या कारखान्यात कापड विणायची रातपाळी. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान त्यांच्या समोरच आहे. त्यांच्या जळलेल्या मोटरी मीच भरतो, त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून लपत नाही. मी त्याला तोंडावर सांगायचो, “दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहेस. पडशील एक दिवस.” तो हसायचा आणि माझ्याच बाकावर बसल्या बसल्या झोपायचा.

सिनेमात हिरो जिना चढतो, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतातच. नंतर स्टुडिओत कुणीतरी पडद्याकडे बघत त्याच तालात पाय आपटतो. दाराची कडी, बांगड्या, कपड्यांची सळसळ, सगळं असंच वेगळं काढतात. या कामाला फोली म्हणतात. मुदस्सिरनं हे मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, “म्हणजे चपला झिजवायचा पगार?” मी चेष्टा केली खरी, पण त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते कारखान्यात कधी दिसलं नव्हतं. हेच काम करणाऱ्या रीमा मॅडम कुठल्याशा सिनेमासाठी लूमचा आवाज भरून न्यायला आमच्या गल्लीत आल्या होत्या. यानं त्यांना इतकं विचारून भंडावलं की शेवटी त्या म्हणाल्या, “ये मग शिकायला.”

पावलं त्याला लवकर जमली. मग मॅडमनी सांगितलं की आता कपड्यांचं काम करून दाखव, ते जमलं तर तुला कायमचा ठेवते. हा पठ्ठ्या नाचतच माझ्याकडे आला. “कपडा तर आपल्या घरचा आहे, भाऊ! त्यात काय शिकायचंय?”

पडद्यावर एक बाई मेलेल्या नवऱ्याचा शर्ट घडी करून ठेवते, एवढाच प्रसंग. मुदस्सिर माइकसमोर शर्टाची घडी घालू लागला. काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या, “हळू.” त्यानं हळू केलं. “अजून हळू.” आणखी हळू केलं. ऐकून बघितलं तर ताडपत्री ओढल्यासारखा आवाज. आपण नाजूक हात लावतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो तर शर्ट चुरगाळत होता. बारीक आवाज कानात शिरेना म्हणून ऐकू येईपर्यंत तो जोर लावत होता.

आता आमच्याकडची एक सवय सांगतो. चालू कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचं. लहान पोरांनाही ते येतं. मॅडमनी माइक बंद केला आणि शेजारच्या रेकॉर्डिस्टकडे वळून काहीतरी बोलल्या. काच जाड होती, त्यांना वाटलं याला कळणार नाही. मुदस्सिरनं ते वाचलं. “याला ऐकूच येत नाहीये.”

डॉक्टरनं तेच सांगितलं. लूमनं बारीक आवाज खाल्ले, ते आता परत यायचे नाहीत. उरलेले कान वाचवायचे तर लूम सोडा. मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, पावलांचं काम देते, पण रातपाळी बंद कर, नाहीतर तेही हातचं जाईल.

त्यानं हे घरी सांगितलं तर त्याचे अब्बा, जब्बारचाचा, हसले. “चला, पोरगा पक्का कारीगर झाला!” आमच्या गल्लीत बहिरेपण म्हणजे अनुभवाचा दाखला. त्या दिवशी मला चाचांचा असा राग आला की त्यांची मोटर मी मुद्दाम दोन दिवस उशिरा दिली. मुदस्सिर मात्र मान खाली घालून पुन्हा रातपाळीला गेला. बापाला दुसरा माणूस परवडत नव्हता, आणि नाही म्हणण्याइतकं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

परवा रात्री ऐन पाळीत त्यांचे लूम अचानक बंद पडले. मोटर जळली म्हणून मी धावलो. मोटर धड होती. चाचांनीच स्विच बंद केला होता. मुदस्सिर उभ्या उभ्या झोपेनं झुकला होता आणि त्याचा हात चालत्या पट्ट्यात जाता जाता चाचांनी ओढला होता.

“काय पायजे तुला?” चाचांनी विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला. चाचांनी कानामागे हात धरला. “मोठ्यानं बोल.”

“मला लूमवर नाही यायचं, अब्बा!” तो ओरडला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. “मला ऐकायचंय!”

 चाचांनी लूमवरच्या अर्धवट कापडावर हात फिरवला.

“कपड्याचा आवाज कसा असतो रे? सारी जिंदगी विणला, मला याद न्हाय.”

मुदस्सिरला सांगता येईना. तो रडायला लागला. 

“जा,” चाचा म्हणाले. “उद्यापासून इथं पाय ठेवू नको. उरलंय तेवढं तरी सांभाळ.”

मग तो रडतोय हे दिसत असूनही त्यांनी स्विच दाबला, आणि त्याच्या वाटणीच्या लूमवर स्वतः जाऊन उभे राहिले.